स्पॅनिशमधला 'अनियमित' भूतकाळ : ती यादी पाठ करून घेऊ नका



तुमच्या वर्गात किंवा घरात स्पॅनिश शिकणारं मूल असेल, तर त्याच्या वहीतलं एक पान तुम्ही नक्की पाहिलं असेल. वर लाल शाईत 'भूतकाळ – अनियमित क्रियापदे' असं शीर्षक. खाली तीस-चाळीस क्रियापदं आणि प्रत्येकापुढे सहा-सहा रूपं. पानाच्या कोपऱ्यात 'सोमवारी चाचणी' अशी नोंद. या पानापर्यंत मूल मजेत असतं. स्वतःची ओळख करून देतं, घरातल्या माणसांबद्दल सांगतं, आकडे म्हणतं, कपड्यांचे रंग सांगतं. हे पान आलं की चित्र पालटतं. पुण्या-मुंबईकडची मुलं 'यापेक्षा संस्कृत बरं, गुण तरी मिळतात' असं म्हणायला लागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतही वेगळं काही नसतं. तिथल्या शाळांमध्ये परदेशी भाषा म्हणून सगळ्यात जास्त स्पॅनिशच शिकवली जाते. आपली मुलं ती आवडीने घेतात, आणि आवश्यक तेवढी वर्षं भरली की सोडून देतात. अभ्यास न करणारी मुलं सोडतात असं नाही. चांगली, मन लावून शिकणारी मुलंसुद्धा याच पानाशी येऊन 'भाषा हा माझा प्रांत नाही' असं ठरवून टाकतात. मला खरी चिंता त्याची वाटते.

माझं मत असं की दोष मुलांचा नाही आणि स्पॅनिशचाही नाही. ते पानच चुकीचं बनवलेलं आहे. ज्या मुलाची आई घरी मराठी बोलते, त्या मुलासाठी तर ते दुप्पट चुकीचं आहे. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी लेखनाबद्दल थोडं. स्पॅनिश शब्द मी इथे देवनागरीतच लिहिणार आहे. स्पॅनिशमध्ये व्ही आणि बी या दोन्ही अक्षरांचा उच्चार 'ब'सारखाच होतो, म्हणून सगळीकडे 'ब' दिसेल. एच मुका असतो. 'ख' घशातून, जरा खरखरीत म्हणायचा. 'स'च्या काही जागी स्पेनमध्ये 'थ'सारखा उच्चार ऐकू येईल, लॅटिन अमेरिकेत 'स'च. जोर कुठे द्यायचा ते दाखवणं गरजेचं असेल तिथे त्या अक्षरापुढे ऽ हे चिन्ह टाकलं आहे. जाता जाता सांगते, स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखेच दातांवरचे आहेत. इंग्रजीभाषक मुलांना जे महिनोन्‌महिने जमत नाही, ते आपल्या मुलांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून असतं.

या काळाचं नाव 'प्रेतेरितो इंदेफिनिदो'. भूतकाळाचं नाव 'प्रेते...' ऐकल्यावर वर्गात जो हशा पिकतो तो पिकू द्यावा. भूत आणि प्रेत एकत्र आले की नाव आयुष्यभर लक्षात राहतं. मात्र पालकांसाठी एक सूचना. दोन पुस्तकांत या काळाची दोन नावं दिसली तर घाबरू नका. आंद्रेस बेयो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात याला नुसतं 'प्रेतेरितो' म्हटलं, स्पेनच्या शाळांत 'इंदेफिनिदो' रूढ झालं, आणि स्पॅनिश अकादमीच्या 2009 च्या मोठ्या व्याकरणात 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले' असं आहे. काळ एकच.

आता त्या पानाकडे वळू. त्यावर तीन अगदी वेगळ्या प्रकारच्या गोष्टी एका रांगेत उभ्या केलेल्या असतात.

पहिला प्रकार म्हणजे जी क्रियापदं अनियमित नाहीतच ती. 'बुस्कार' म्हणजे शोधणे. 'मी शोधलं' म्हणजे 'बुस्केऽ'. 'येगार' म्हणजे पोचणे, 'मी पोचलो' म्हणजे 'येगेऽ'. 'एंपेसार' म्हणजे सुरू करणे, 'मी सुरू केलं' म्हणजे 'एंपेसेऽ'. देवनागरीत वाचताना तुम्हाला यात काही वेडंवाकडं दिसलं का? मूळ तेच राहिलं, पुढे 'ए' लागला. रोमन लिपीत मात्र 'क'चा उच्चार टिकवण्यासाठी 'सी' हे अक्षर बदलून 'क्यू-यू' लिहावं लागतं, 'ग' टिकवण्यासाठी मध्ये एक 'यू' घालावा लागतो, आणि 'स'साठी 'झेड'चा 'सी' होतो. ही तक्रार लिपीची आहे, क्रियापदाची नाही. माझ्या वर्गात मी ही क्रियापदं आधी फळ्यावर देवनागरीत लिहून घेते. मुलं विचारतात, "बाई, यात अनियमित काय आहे?" मग रोमन स्पेलिंग लिहायचं. तीस-चाळीसमधली आठ-दहा क्रियापदं अशी एका तासिकेत यादीतून बाहेर जातात.

याच प्रकारातलं 'लेएर', म्हणजे वाचणे. 'त्याने वाचलं' म्हणजे 'लेयोऽ'. पुस्तक म्हणतं की इथे 'आय' जाऊन 'वाय' येतो, लक्षात ठेवा. आपल्या मुलांनी यण् संधी शिकलेला असतो. इति अधिक आदि म्हणजे इत्यादि, 'इ'पुढे वेगळा स्वर आला की 'य' होतो. 'कोमेर' म्हणजे खाणे. कोम् अधिक इओ म्हणजे कोम्योऽ. ले अधिक इओ म्हणजे लेयोऽ. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली आहे. संस्कृतच्या तासाला जे शिकलो ते इथे चालतं हे कळलं की मुलांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

दुसरा प्रकार 'पेदिर' (मागणे), 'दोर्मिर' (झोपणे), 'सेंतिर' (वाटणे), 'मोरिर' (मरणे) यांचा. हे फक्त तृतीय पुरुषात थोडेसे बदलतात. ए चा इ होतो आणि ओ चा उ. पिद्योऽ, दुर्म्योऽ, सिंत्योऽ, मुर्योऽ. 'मी', 'तू', 'आम्ही' ही रूपं सरळ आहेत. हे फक्त 'इर'ने संपणाऱ्या क्रियापदांत होतं. एवढं सांगितलं की पुरतं. सहा रूपांचे वीस तक्ते लिहून घ्यायची गरज नाही.

उरतो तिसरा प्रकार, खरा अनियमित. रोजच्या वापरातली मूळ क्रियापदं मोजली तर ती सतराच्या आसपास भरतात. सतरा, चाळीस नव्हे. त्यातली चौदा तीन घराण्यांत बसतात.

पहिलं घराणं 'ऊ'चं. तेनेर (असणे, जवळ असणे) – तूबे. एस्तार (असणे, एखाद्या ठिकाणी किंवा अवस्थेत) – एस्तूबे. आंदार (चालणे) – आंदूबे. पोदेर (शकणे) – पूदे. पोनेर (ठेवणे) – पूसे. साबेर (माहीत असणे) – सूपे. काबेर (मावणे) – कूपे. आणि आबेर, ज्याचं 'ऊबो' हे एकच रूप मुलांना लागतं. दुसरं घराणं 'ई'चं. आसेर (करणे) – ईसे. बेनिर (येणे) – बीने. केरेर (हवं असणे) – कीसे. तिसरं 'ख'चं. देसिर (सांगणे) – दीखे. त्राएर (आणणे) – त्राखे. आणि 'दुसिर'ने संपणारी सगळी, म्हणजे कोंदुसिर (गाडी चालवणे) – कोंदूखे, त्रादुसिर (भाषांतर करणे) – त्रादूखे.

प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा. तूबे, पूसे, ईसे, दीखे. जोर नेहमी मूळावर आणि शेवट नेहमी 'ए'. 'त्याने' किंवा 'तिने' हवं असेल तर शेवट 'ओ', म्हणजे तूबो, पूसो, ईसो, दीखो. 'आम्ही' असेल तर तुबीमोस, पुसीमोस, इसीमोस, दिखीमोस. चौदाच्या चौदा क्रियापदांना प्रत्ययांचा एकच संच. नियमित क्रियापदांना मात्र दोन संच लागतात, 'आर'वाल्यांना एक आणि 'एर-इर'वाल्यांना दुसरा. म्हणजे ज्यांना आपण बेशिस्त म्हणून वेगळं बसवलं, ती एका अर्थाने जास्त शिस्तीची निघाली! 'ख'च्या घराण्यात एक छोटा फरक आहे. 'ते म्हणाले' हे 'दिख्येरोन' न होता 'दिखेरोन' होतं, मधला 'य' गळतो. तेवढंच.

एकदा मूळ कळलं की पुढची क्रियापदं आपोआप येतात. 'पोनेर' आलं की 'प्रोपोनेर' म्हणजे सुचवणे, त्याचं 'प्रोपूसे'. 'तेनेर' आलं की 'ओब्तेनेर' म्हणजे मिळवणे, त्याचं 'ओब्तूबे'. यांना वेगळ्या ओळी देऊन यादी फुगवण्यात काय अर्थ आहे?

बाहेर राहिली तीन. 'सेर' (असणे, ओळख किंवा स्वभाव सांगताना) आणि 'ईर' (जाणे) या दोघांचं भूतकाळी रूप एकच आहे: फुई, फुइस्ते, फ्वे... आणि 'दार' म्हणजे देणे: दी, दिस्ते, द्योऽ... 'दी' ऐकल्यावर आपलं 'दिलं' आठवलं असेल तर ते बरोबर आहे. दार आणि देणे एकाच फार जुन्या मुळापासून आलेले आहेत, मोरिर आणि मरणे यांचंही तसंच. 'बेर' म्हणजे पाहणे, त्याचं 'बी' आणि 'ब्योऽ' हे जवळजवळ नियमितच आहे. ज्यांच्याकडे जुनी पुस्तकं असतील त्यांना 'फ्वे', 'द्यो', 'ब्यो' यांवर जोराचं चिन्ह दिसेल. तो छपाईचा घोटाळा नाही. ते चिन्ह 1959 पासून अधिकृतपणे काढून टाकलं गेलं, एकाक्षरी शब्दाला त्याची गरज नाही म्हणून.

'होता' आणि 'गेला' दोन्हींना 'फ्वे' म्हटलं तर कळायचं कसं, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि जास्त करून पालकांकडून येतो. मी त्यांना मराठीतलंच विचारते. 'आजोबा बाजारात गेले' आणि 'आजोबा गेले' यांत तुमचा कधी गोंधळ झाला आहे का? वाक्य ऐकणारा माणूस एकटा शब्द ऐकत नाही. 'फ्वे आल मेर्कादो' म्हणजे बाजारात गेला, 'फ्वे मेदिको' म्हणजे डॉक्टर होता. वाक्यातून तोडून रिकाम्या जागेत लटकवलेलं 'फ्वे' मात्र कोणालाच कळणार नाही, आणि चाचणीत आपण नेमकं तेच विचारतो.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. ही क्रियापदं अशी का झाली? लॅटिनमध्ये 'मी म्हणालो' हे 'दीक्सी' होतं, 'मी केलं' हे 'फेकी' आणि 'मी आलो' हे 'वेनी'. दीखे, ईसे, बीने ही त्यांचीच झिजलेली रूपं. पुढे भाषेने एक सोपा साचा तयार केला आणि कमी वापरातली बहुतेक क्रियापदं त्या साच्यात गेली. जी रोज शंभर वेळा तोंडात येतात ती मात्र गेली नाहीत. आई म्हणते, शेजारी म्हणतो, मूल ऐकतं, तसंच म्हणतं, आणि जुनं रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतं. उलट काही क्रियापदं बाहेरून येऊन या घराण्यात शिरली. एस्तूबे आणि आंदूबे ही लॅटिनमधून सरळ आलेली नाहीत, ती शेजारच्यांचं बघून तशी झाली.

आणि आपल्याकडे? जाणे – गेला. येणे – आला. होणे – झाला. करणे – केलं. मरणे – मेला. देणे – दिलं. खाणे – खाल्लं. घेणे – घेतलं. ही मराठीतली सगळ्यात जास्त वापरातली क्रियापदं आहेत, आणि यांतलं एकही 'बसणे – बसला' या साच्यात बसत नाही. 'गेला'मागे 'गत' आहे, 'केला'मागे 'कृत', 'मेला'मागे 'मृत', 'झाला'मागे 'जात'. याशिवाय निघाला, पळाला, उडाला, म्हणाला हे एक घराणं, आणि सांगितलं, मागितलं, बघितलं हे दुसरं. यादी करायला बसलो तर स्पॅनिशपेक्षा लांब होईल. तुम्हाला ही यादी कोणी पाठ करायला लावली होती का? दोन-अडीच वर्षांचं मूल 'मी करलं', 'तो मरला' असं म्हणतं. आपण हसतो, आजीला सांगतो आणि सहज म्हणतो, "हो का, तू केलंस? छान केलंस." काही महिन्यांत 'करलं' जातं.

स्पेनमधली किंवा मेक्सिकोतली लहान मुलं हेच करतात. 'पूसे'ऐवजी 'पोनीऽ', 'ईसे'ऐवजी 'आसीऽ'. आणि 'आंदूबे'च्या जागी 'आंदेऽ' तर मोठ्या स्पॅनिश माणसांच्या तोंडूनही निसटतं. 'पोनीऽ' म्हणणारं मूल चुकतं हे खरं, पण त्याला नियम कळला आहे म्हणूनच ते चुकतं. त्याने ते कुठे ऐकलेलं नसतं, स्वतः तयार केलेलं असतं.

म्हणून गुण देण्याबद्दल माझं थोडं भांडण आहे. 'मला भीती वाटली' यासाठी एका मुलाने 'तेनीऽ म्येदो' लिहिलं आणि दुसऱ्याने 'तूबो म्येदो'. बरोबर उत्तर 'तूबे म्येदो'. आपण दोघांनाही शून्य देतो. पण माद्रिदच्या रस्त्यावर पहिल्या मुलाचं बोलणं कोणालाही कळेल, ऐकणारा फार तर मनात हसेल. दुसऱ्याचं मात्र 'त्याला भीती वाटली' असं होईल, म्हणजे अर्थच बदलला. पहिल्याने काळ बरोबर घेतला, पुरुष बरोबर घेतला, फक्त जुनं मूळ आलं नाही. त्याला अर्धा गुण द्यायला काय हरकत आहे? बोर्डाच्या परीक्षेत आपला हात चालत नाही, मान्य. घटक चाचणीत चालतो ना?

काही सहकारी म्हणतात, "पाठांतराशिवाय भाषा येत नाही. पाढे नाही का आपण पाठ केले?" पाठांतराला माझा विरोध नाही. आपल्या परंपरेत ते फार ताकदीचं साधन आहे, आणि ज्या मुलाचा कान तयार आहे त्याला ते आवडतंही. प्रश्न एवढाच की पाठ काय करायचं. 'तूबे, तुबीस्ते, तूबो' असं सहा रूपं ओळीने म्हणणारं मूल 'तुला काल वेळ मिळाला का?' या प्रश्नाला उत्तर देताना मनात पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याऐवजी दहा छोटी वाक्यं पाठ करू द्या. 'नो तूबे त्येंपो' – मला वेळ मिळाला नाही. 'नो ईसे नादा' – मी काही केलं नाही. 'के दीखो?' – काय म्हणाला तो? 'आदोंदे फ्वे?' – ती कुठे गेली? ही वाक्यं तोंडात बसली की तक्ता त्यातून काढता येतो. उलट दिशेने गाडी चालत नाही.

क्रमाबद्दलही बोलायला हवं. बहुतेक पुस्तकं आधी नियमित, मग 'अपवाद' अशी जातात. मी उलट जाते. एक तर मुलाला रविवारी काय झालं ते सांगायचं असेल तर गेलो, केलं, पाहिलं, म्हणाला, आला हेच शब्द लागतात, आणि ते सगळे या 'अपवादां'त आहेत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या मुलांना खरं कठीण जातं ते नियमित क्रियापदच! 'आऽब्लो' म्हणजे मी बोलतो. 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. फरक फक्त जोराचा. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपल्या मुलांचा कान तो फरक सहज टिपत नाही. 'आब्लामोस' तर 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' दोन्ही. पण 'तेनेमोस' आणि 'तुबीमोस' यांत कोण गोंधळेल? मूळच बदललं, काळ लगेच कळला. अनियमित क्रियापद आपल्या कानाला मदत करतं. आधी ती मदत घेऊ द्या, मग जोराचा बारकावा शिकवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन. एक हा, घडून गेलेल्या गोष्टीचा. दुसरा 'इंपेर्फेक्तो', चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीचा. (त्यात अनियमित क्रियापदं फक्त तीन आहेत, सेर, ईर आणि बेर. मुलांना हे आवर्जून सांगा, त्यांना हायसं वाटतं.) आपल्या मुलांच्या हातात जी पुस्तकं असतात त्यांत स्पष्टीकरण इंग्रजीत असतं. त्यात एक चौकट असते की काही क्रियापदांचा अर्थ या भूतकाळात बदलतो, लक्षात ठेवा. 'साबेर', 'केरेर', 'पोदेर', 'तेनेर'... म्हणजे यादीवर आणखी एक यादी.

हीच चौकट मराठीत वाचून बघा.

'साबीआ' – मला माहीत होतं. 'सूपे' – मला कळलं.
'पोदीआ' – मला करता येत होतं. 'पूदे' – मला करता आलं, जमलं.
'केरीआ आब्रिर ला प्वेर्ता' – मला दार उघडायचं होतं. 'कीसे आब्रिर ला प्वेर्ता' – मी दार उघडायला गेलो (पण...). 'नो कीसे' – मी तयार झालो नाही, नाहीच म्हटलं.
'तेनीआ के ईर' – मला जायचं होतं. 'तूबे के ईर' – मला जावं लागलं.
'आबीआ' – तिथे होतं. 'ऊबो' – झालं. 'ऊबो ऊन आक्सिदेंते' – अपघात झाला.

यात बदललेला अर्थ कुठे आहे? 'जायचं होतं' म्हटलं की गेलो की नाही ते कळत नाही, आणि 'जावं लागलं' म्हटलं की गेलो हे नक्की. स्पॅनिश माणूस नेमका हाच फरक करतो. इंग्रजीत दोन्हीसाठी बऱ्याचदा एकच वाक्य येतं, म्हणून इंग्रजी पुस्तकाला चौकट काढावी लागते. मराठी मुलाला तो फरक शाळेत जायच्या आधीपासून येतो. आणि आपण काय करतो? त्याला स्पॅनिशचं इंग्रजीत भाषांतर करायला लावतो, म्हणजे जवळ असलेली किल्ली खिशात ठेवून दुसऱ्याचं कुलूप खटखटवायला लावतो.

परदेशातल्या पालकांना म्हणून मुद्दाम सांगते. 'घरात मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात स्पॅनिश, मुलाचा गोंधळ होईल' असं म्हणून तुम्ही घरातली मराठी कमी करत असाल तर ते थांबवा. तुम्हाला स्पॅनिशचं एक अक्षर येत नसलं तरी चालेल. मुलगी 'साबीआ की सूपे?' असं विचारत आली तर एवढंच म्हणा, "तुला माहीत होतं म्हणायचंय, की तुला कळलं म्हणायचंय?" उत्तर तिला तिचंच मिळेल.

सगळीकडे मराठी मदत करते असं मात्र नाही. मराठीत 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबे खाल्ले', म्हणजे क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते खाणाऱ्याच्या मागे जातं: आंबा असो, पोळी असो की दहा आंबे, 'मी' असेन तर 'कोमीऽ'. ही सवय मुलांना जाणीवपूर्वक सोडावी लागते, आणि ती सुटायला वेळ लागतो. त्याबदल्यात एक सुटकाही आहे. तो गेला, ती गेली, ते गेलं, तिन्हींना 'फ्वे'. भूतकाळात लिंगाचा प्रश्नच नाही. हे दोन मुद्दे कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत, कारण ती पुस्तकं आपल्या मुलांसाठी लिहिलेलीच नाहीत. ते आपल्यालाच सांगायचे आहेत.

मग चाचणी कशी घ्यायची? मी हल्ली एक चित्रकथा देते. चार चित्रं असतात आणि खाली एक ओळ: 'रविवारी काय झालं ते सहा वाक्यांत लिहा.' क्रियापदं दिलेली नसतात. मूल लिहितं, 'फुई आल मेर्कादो कोन मि आब्वेला', म्हणजे मी आजीबरोबर बाजारात गेले. 'मि आब्वेला ब्यो ऊन पेर्रो इ तूबो म्येदो', म्हणजे आजीने कुत्रा पाहिला आणि ती घाबरली. वाक्य समजलं तर एक गुण, पुरुष बरोबर असेल तर एक, रूप बरोबर असेल तर एक. तपासायला वेळ जास्त लागतो, हे मी लपवत नाही. चाळीस वह्या घेऊन बसलं की रिकाम्या जागांचा कागद किती सोयीचा होता ते आठवतं. पण रिकाम्या जागांच्या कागदावरून मला एवढंच कळायचं की कोणाचं पाठांतर झालं आणि कोणाचं नाही. या कागदावरून कळतं की अमुक मुलाला 'ई'चं घराणं आलं आहे, 'ऊ'चं नाही, आणि जोराचं चिन्ह अजून कोणालाच नीट आलेलं नाही. मग पुढच्या आठवड्याचा तास कशावर घ्यायचा हे ठरवायला मला पुस्तक उघडावं लागत नाही.

पालकांनी घरी करण्यासारखं एकच. ती यादी घेऊन प्रश्न विचारायला बसू नका. रात्री जेवताना "आज काय काय केलंस?" हे विचारताच ना, त्याचं एक वाक्य स्पॅनिशमध्ये सांगायला लावा. 'आसीऽ' म्हटलं तरी जेवण थांबवू नका. खात्री नसेल तर वहीत बघून "ईसे का?" एवढं विचारा आणि पुढची भाजी वाढा.